फळीवर उरलेली खूण

मोटर माझ्या अंगणात आली तेव्हा तिला ना इंजिन होतं ना चाकं. दोन बैलगाड्या एकामागे एक बांधल्या, त्यावर ती चढवली आणि गोंदियाच्या भरबाजारातून आणली. लोक हसत होते. एकानं विचारलं, "बाई, बैल तं आहेत, घोडे कधी जुंपतेस?" मी म्हटलं, "तू ये पुढं, तुलेच जुंपते." त्या दिवसापासून मोहल्ल्यात माझं नाव मोटरवाली पडलं ते पडलंच.

ही उतारू नेणारी मोटर माझ्या नवऱ्याच्या हातात सात वर्षं होती. गोंदियाहून तांबडं फुटताना निघायची, गोरेगाव, कोहमारा करत दुपारी बाराला अर्जुनी मोरगावला पोचायची आणि दिवेलागणीला परत यायची. मोरगाव माझं माहेर. लढाईच्या दिवसांत, धानाची कापणी चालू असताना, एकाच आठवड्यात माझी माय गेली आणि मागोमाग हे गेले. हे माझ्या डोळ्यांसमोर गेले. मायचं मात्र मला कळलंसुद्धा नाही. दोन दिवस ती खाटेवर पडून होती, तिसऱ्या दिवशी गेली, तिला अग्नी देऊन झाला, आणि माझ्या सख्ख्या भावानं मला निरोप धाडला नाही. का धाडला नाही, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नको होतं.

मला कळलं ते असं. ह्यांना खाली घेतलं होतं, बाया भोवती बसल्या होत्या. तेवढ्यात भाऊ दारात आला. जवाई गेल्याचं ऐकून तो पहिल्या गाडीनं आला होता. मी मान वर केली तर त्याचं डोकं भादरलेलं. बा तर माझ्या लहानपणीच गेलेला. ज्याच्यासाठी त्यानं डोकं भादरावं असं घरात आता एकच माणूस उरलं होतं. मी ह्यांच्या उशाशी बसूनच विचारलं, "माय कधी गेली?" तो म्हणाला, "चार दिवस झाले." मी विचारलं, "मले काऊन नाही सांगतलं?" त्यानं ह्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्या हातांकडं पाहिलं, आणि म्हणाला, "राहून गेलं, बाई."

राहून गेलं. बाजारातून मीठ आणायचं राहतं, म्हशीला पाणी दाखवायचं राहतं. मी त्याला काय काय बोलले ते आता लिहायची लाज वाटते. शेवटी म्हटलं, माझा उंबरा पुन्हा ओलांडू नको. तो खांदा द्यायला थांबला, आणि घाटावरूनच परत गेला. चार वर्षं मी त्याचं तोंड पाहिलं नाही. दोनदा त्यानं नव्या तांदळाचं पोतं धाडलं, दोन्ही वेळा मी दारातूनच परत केलं.

मोटर माझ्याकडं आली ती लढाई संपल्यावर. तोवर ती दुसऱ्यांच्या हाताखाली चालली, मग बंद पडली. मोटरीच्या मालकानं, शेठनं, इंजिन विकलं, चाकं विकली, आणि उरलेलं लाकूड जळणासाठी फोडायला काढलं. मी विड्या घेऊन बाजारात चालले होते. शेठच्या आवारात दोन माणसं कुऱ्हाडी घेऊन उभी, आणि पुढच्या खिडकीची चौकट आधीच निघालेली. डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि मोटरीच्या दारात जाऊन बसले. शेठ आला. म्हणाला, "अगं, हे सरपण आहे." मी म्हटलं, "मग मलेही फोडा सोबत." तो काही वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "घेऊन जा. माझ्या आवारातली घाण तेवढीच जाईल."

मला फक्त ह्यांची बसायची जागा हवी होती. घरात त्यांचं काय होतं? एक सदरा, एक चिलीम. माणूस दिवसभर जिथं बसत होता ती जागा माझ्या घरात कधी नव्हतीच. ड्रायव्हरच्या बैठकीवरचं कातडं फाटलं होतं, काथ्या बाहेर आला होता, पण उजव्या बाजूला ती दबलेली होती. हे तसेच एका अंगावर कलून बसत. मी बसले तर मीही तशीच कलले. मग उठले आणि पुन्हा महिनाभर तिथं बसले नाही.

तेव्हापासून ते सुरू झालं. भर दुपारी, बाराच्या सुमाराला, मोटरीचा भोंगा वाजायचा. रबराचा फुगा दाबला की वाजतो तसला तो भोंगा होता, आणि फुगा तर केव्हाच उंदरांनी खाल्ला होता. नुसती पितळी नळी उरली होती. तरी वाजायचा. एकदाच, आखूड. विड्या वळता वळता माझा हात थांबायचा. कुत्रा उठून मोटरीच्या मागच्या दाराशी जायचा, शेपूट हलवायचा आणि कोणी उतरत नाही असं पाहून परत यायचा. मी शेजारणीला विचारलं, तिनं ऐकलं नव्हतं. कुत्र्यानं ऐकलं होतं, मला तेवढं पुरे होतं. भीती वाटायची का? वाटायची. पण जास्त राग यायचा. संध्याकाळी वाजला असता तर समजलं असतं, ती ह्यांची घरी यायची वेळ. बाराला कायले? बाराला मोटर इथं कधीच नसायची. बाराला ती मोरगावला असायची.

पावसाळ्याआधी मी तिच्या मागं लागले. वाळवी लागली की काही उरत नाही, म्हणून करंजाचं तेल पाजायचं ठरवलं. पण वर रंगाचे थर होते, तेल आत जाईना. मग खरडायला घेतलं. खापराचा तुकडा, कधी विळ्याची पाठ, आणि रोज विड्यांचं काम आटपल्यावर हातभर जागा. वर मातकट रंग, तो लढाईतला. बिरसीला विमानं उतरवायचं मैदान करत होते तेव्हा कंत्राटदारानं मजूर न्यायला मोटर भाड्यानं घेतली, आणि परत द्यायच्या आधी आतबाहेर तो रंग फासला. त्याच्याखाली आमचा हिरवा. तो मला ओळखीचा, हे त्यावर हात फिरवून बघायचे. हिरव्याखाली काय असेल ते मला ठाऊक नव्हतं. निघाला लाल, आणि लालावर पिवळी अक्षरं. मी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर अक्षर जुळवलं. स्टेशन. इतवारी.

मोटर दुरुस्त करणारा म्हातारा मिस्त्री रेल्वे फाटकापाशी राहायचा. त्याला बोलावून दाखवलं. त्यानं टोपी काढली. म्हणाला, "बाई, ये तो नागपूर की है. शहर में चलती थी. मैं ही लाया था." तिकडं ती शहरात फिरायची, स्टेशनापासून इतवारीच्या बाजारापर्यंत, दिवसातून कितीदा तरी. थकली, शहराला नकोशी झाली, तेव्हा शेठनं घेतली. म्हणूनच तिला दोन दारं होती, आणि म्हणूनच छताखालून ती दोरी होती. दोरी ओढली की ड्रायव्हरपाशी घंटी वाजायची, म्हणजे शहरातल्या माणसाला उतरायचं आहे. आमच्याकडं दोरी कोणी ओढली नाही. उतरायचं असलं की माणूस ओरडायचा, आणि दोरीवर कोंबड्या टांगायचा. मिस्त्री हसला. म्हणाला, "अब इसमें क्या रखा है? जाने दो इसको." मी म्हटलं, "तुम्ही जा. ती नाही जात."

खरं सांगते, त्यानंतर मला ती मोटर जड व्हायला लागली. आधी तिच्यात ह्यांचा एकट्याचा वास होता. आता खरडलं की कोणाकोणाचं निघायचं. बाकाखाली एका बारक्या पोरानं कोरलेला पक्षी. खिडकीच्या खाचेत बांगडीचा तुकडा. ही सगळी माणसं चढून उतरून गेली होती, कुठं गेली कोणाला ठाऊक, आणि मी एकटी मध्ये बसून त्यांच्या मागं लागलेली. कधी कधी वाटायचं, आपणच इथं भूत आहोत.

ड्रायव्हरच्या उजव्या हाताची फळी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. ती ह्यांची फळी.

तिचं सांगायला हवं. आमच्याकडं निरोप मोटरीच्या ड्रायव्हरजवळ द्यायची रीत होती. टपाल होतं, तारही होती, पण टपालाला दिवस लागायचे आणि तार आली की बायका उघडायच्या आधीच रडायच्या. ड्रायव्हर रोज जायचा, रोज यायचा, सगळ्यांना ओळखायचा. अमक्याला औषध दे, तमक्याला सांग मुलगी बघायला येऊन राहिले. ह्यांना लिहिता येत नव्हतं. मी किती मागं लागले, पाटी आणून दिली, तर म्हणाले, "माझी पाटी मोटरीत आहे." खरंच होती. बैठकीजवळच्या फळीवर खिळ्यानं खुणा करायचे. प्रत्येक गावाची खूण वेगळी. मोरगावजवळच्या प्रतापगडचा डोंगर, गोरेगावचं कणीस, मोरगावच्या तलावाची नागमोडी रेघ. आमच्या घराची खूण म्हणजे तीन ठिपके, चुलीचे तीन दगड. औषध असलं तर गोल. माणूस आणायचं असलं तर उभी काडी. निरोप पोचला की त्यावर आडवी रेघ. रेघ मारल्याशिवाय हे जेवत नसत. सात वर्षांत त्यांचा एक निरोप चुकला नाही, हे मी नाही, गोरेगाव ते मोरगाव सगळे सांगायचे. मला त्याचा फार गर्व होता.

फळी खरडायला घेतली तो दिवस मला लख्ख आठवतो. त्या वर्षी गोंदियात जिकडंतिकडं कागदी झेंडे लावायची गडबड चालली होती, सगळी पोरं तिकडं. मी एकटीच होते. मातकट रंग निघत गेला आणि खालून खुणा यायला लागल्या. डोंगर, वर रेघ. कणीस, वर रेघ. गोल, रेघ. मी एकेक वाचत होते. ह्यांचा हात मला दिसत होता. बरं वाटत होतं, म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फळीच्या खालच्या टोकाला शेवटची ओळ आली. तलावाची नागमोडी रेघ. तिच्यापुढं चुलीचे तीन ठिपके. खाली उभी काडी.

मोरगावहून निरोप, आमच्या घरचं माणूस घेऊन ये.

वर रेघ नव्हती. मला वाटलं, रंग राहिला असेल. नखानं खरडलं, ओल्या फडक्यानं पुसलं, तोंड अगदी जवळ नेऊन पाहिलं. रेघ नव्हतीच. आणि त्याच वेळी पितळी नळीतून भोंगा वाजला. मी बाहेर बघितलं. सावली पायाशी आलेली, बारा वाजले होते.

मग मी फळीसमोर बसून एकेक जोडत गेले. हे गेले त्या आठवड्यात, सोमवारी, मोरगावहून परत आले ते घरी आलेच नाहीत. अड्ड्यावर माणसं उतरवली, तिथंच शेठचा हुकूम मिळाला, मोटर तशीच बिरसीला न्या. अंगात ताप तेव्हाच होता. चार दिवस मजुरांच्या खेपा मारल्या आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी दोघांनी धरून आणलं. शुद्ध नव्हती. रात्रभर एकच चाललं होतं, "चाल, गाडीत बस, उशीर होऊन राहिला." मी म्हणायची, हो, बसतात सगळे, तुम्ही निजा. मला वाटलं, मजुरांना बोलावतात. आणि अंगठ्याच्या नखानं खाटेच्या लाकडावर ओढत होते, आडवं, पुन्हा आडवं. मी हात धरून पांघरुणात घातला. ते मला बोलावत होते, आणि मी त्यांना निजवत होते.

मला राग आला. मेलेल्या माणसाचा राग, असं होतं का कोणाचं? पण आला. बिरसी काय दूर आहे? एखाद्या मजुराजवळ सांगता आलं नसतं? साऱ्या तालुक्याचे निरोप पोचवले आणि माझ्या मायचा तेवढा राहिला? त्या फळीवर मी मूठ मारली, हाताला लागलं. मग भावाचं भादरलेलं डोकं डोळ्यांपुढं आलं, आणि राग कुठं ठेवायचा ते कळेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी मोरगावला गेले. भाऊ वाडीत बांध घालत होता, गुडघाभर चिखलात. मला पाहिलं आणि कुदळ तशीच धरून उभा राहिला. मी बांधावरूनच म्हटलं, "तू ह्यांच्यापाशी निरोप दिला होता."

तो कुदळीचा चिखल बोटानं काढत राहिला.

"फळीवर खूण आहे. मी पाहिली. आता खोटं बोलू नको."

त्यानं कुदळ खाली ठेवली, पाय धुतले, बांधावर येऊन बसला. म्हणाला, "सोमवारी सांगतलो. माय तुले बोलावते, उद्या घेऊन या म्हटलं. जवाई म्हणाले, उद्या दुपारी आणतो. बस, मी निश्चिंत झालो. मंगळवारी मोटर आली नाही, बुधवारी आली नाही. रेल्वेनं माणूस धाडाले पाहिजे होता. पण जवायाले सांगतलं म्हणजे झालं, असंच होतं ना आपलं. तिथं माझंच चुकलं."

मी विचारलं, "मग त्या दिवशी काऊन नाही बोलला? चार वर्षं शिव्या खाल्ल्या माझ्या."

तो तलावाकडं बघत म्हणाला, "कसं बोलू? ते समोर पडले होते. त्या दिवशी तुझं सारंच गेलं होतं, बाई. त्यांचं नाव तेवढं चांगलं राहिलं होतं. तेही मी घेऊ का?"

मला रडू आलं नाही. मी शेजारी बसले, इतकंच. विचारलं, माय काही म्हणत होती का. तो सांगायला तयार नव्हता. मी सोडलं नाही. मग म्हणाला, "बारा वाजले की विचारे, मोटर आली का. भोंगा वाजला म्हणे. मी म्हणायचो, नाही वाजला. ती म्हणे, मले ऐकू आला."

माझ्या अंगणातला भोंगा मी त्याला सांगितला नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही.

मी त्याला सोबत घेऊन आले. चार वर्षांनी त्यानं माझा उंबरा ओलांडला, तोही आधी बाहेर थांबून, माझ्याकडं बघून, मी मान हलवल्यावर. सकाळी त्याला मोटरीत नेलं. तो पहिल्या बाकावर बसला, मी ड्रायव्हरच्या बैठकीवर, तशीच उजवीकडं कललेली. त्यानं खूण बोटानं चाचपली. मी म्हटलं, "दे आता निरोप." त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. म्हणाला, "माय तुले बोलावते. लवकर चाल."

मी म्हटलं, "येते."

आणि खिळ्यानं तीन ठिपक्यांवर आडवी रेघ ओढली. जुनं सागवान, खिळा सरकत नव्हता, दोनदा जोर करावा लागला.

त्या दुपारी भावाला जेवायला वाढून मी बाराला कान देऊन बसले. भोंगा वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कुत्रा दोनचार दिवस दाराशी जाऊन उभा राहिला, मग त्यानंही सोडलं. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. निरोप पोचला म्हणजे निरोप आणणारा जातो, एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मोटर अजून अंगणात आहे, दर उन्हाळ्यात मी तिला करंजाचं तेल लावते. ती एक रेघ मारली नसती, तर हे आणि माय, दोघं रोज बाराला आली असती.